चवथीच्या आधी टेबल पाहिजे: सागवानी फर्निचर विकतानाचं गोव्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण एका डायनिंग टेबलचं आहे. सागवानी, आठ खुर्च्यांचं, साडेसात फूट लांब आणि ४२ इंच रुंद, आणि ते २०२५ च्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी द्यायचं की नाही यावरून जे काय बोलणं झालं त्याचं. मी फोंड्याच्या बाजूला एका लाकडी फर्निचरच्या कारखान्यात सेल्स बघतो. लहान कारखाना आहे, मालक स्वतः रोज शेडमध्ये असतात, मेस्त, म्हणजे मुख्य सुतार, आणि त्यांच्या हाताखालची पोरं मिळून सगळं काम होतं, शोरूम म्हणजे पुढची एक खोली. लिहितोय अशासाठी की सेल्सला नवीन आलेल्या पोराला किंमत कशी टिकवायची, डिस्काउंट कधी काढायचा हे सगळे शिकवतात, पण तारीख कशी द्यायची हे कोणच शिकवत नाही, आणि मी बघितलेली गिऱ्हाइकाबरोबरची मोठी भांडणं बहुतेक तारखेतूनच सुरू झालेली आहेत, किमतीतून नाही.

गिऱ्हाईक तालुक्यातल्याच एका गावातलं. मुलगा बोटीवर, वडील नोकरीतून रिटायर झालेले, जुन्या घराला लागूनच नवीन घर बांधलेलं, हॉल आणि जेवणाची जागा एकच आणि तिथे दोन एसी. नव्या घरातली पहिली चवथ, म्हणून सगळं गोत येणार होतं, काका, आत्या, मुंबईची मंडळी, सगळे. मुलगा सप्टेंबरच्या मध्याला परत बोटीवर जाणार होता म्हणून सगळं त्याच्यासमोर घरात आलेलं पाहिजे असा हट्ट. ऑर्डर अशी होती: टेबल आणि आठ खुर्च्या, गणपतीसाठी चौरंग, आणि हॉलसाठी एक दिवाण. आले ते जुलैच्या सुरुवातीला. वडील कोटेशन बघत होते, मुलगा मोबाईलवर फोटो दाखवत होता, पण शेवटचा शब्द आईचा होता, ज्यांना आम्ही सगळे काकी म्हणत होतो, आणि काकींनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "चवथीक टेबल जायच." म्हणजे चवथीला टेबल पाहिजेच.

चवथ २७ ऑगस्टला होती. म्हणजे हातात सात-आठ आठवडे. कागदावर बघितलं तर एवढ्या वेळात असं टेबल आरामात होतं, कामाचे तास मोजले तर त्याहून बरेच कमी लागतात, आणि नेमकं हेच गिऱ्हाइकालाही माहीत असतं आणि सेल्सवाल्यालाही, म्हणून पटकन हो म्हटलं जातं.

आता अडचण कुठे होती ती सांगतो, कारण सगळं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

त्या वर्षी पाऊस मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन बसला. एरवी मे महिन्याचं कडक ऊन आम्हाला शेवटपर्यंत मिळतं, फळ्या मध्ये पट्ट्या घालून रचलेल्या असतात आणि त्या महिन्यात चांगल्या सुकतात. ते ऊन गेलं. टॉपसाठी दीड इंची जाड फळी लागते, आणि आमच्याकडे दीड इंचीचा जो लॉट होता तो दांडेलीच्या डेपोतून आलेला, ट्रान्झिट पासवर, म्हणजे लाकूड वाहून न्यायच्या परवान्यावर, माल एकदम छान, सरळ रेषा, गाठी कमी, पण चिरून पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. उघड्या हवेत सुकवायचं तर एक इंच जाडीला साधारण एक वर्ष असा सुतारांचा जुना अंदाज आहे. खुर्च्यांसाठीचं एक इंची लाकूड भट्टीतून सुकवून आणलेलं होतं, ते तयार होतं. पण आमची स्वतःची भट्टी नाही, जॉबवर्कवर दुसरीकडे पाठवतो, आणि तिथे पावसाळ्यात नंबर लावावा लागतो.

काकींना हे तोंडी सांगून उपयोग नव्हता, कुठलाही सेल्सवाला काहीतरी कारण सांगतोच असं लोकांना वाटतं आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून त्यांना शेडमध्ये नेलं. ओलावा मोजायचं मीटर असतं, पुढे दोन बारीक पिना, त्या लाकडात रुतवायच्या आणि आकडा येतो. मेस्तांनी फळीचं टोक सोडून आतल्या बाजूला, सहा इंच रंधा मारून नवीन लाकूड उघडं केलं आणि तिथे पिना दाबल्या, कारण टोकाला फळी लवकर सुकते आणि आकडा खोटा दिलासा देतो. १८ टक्के. मग बाजूच्या खुर्चीच्या पायाला लावलं, १२. काकींनी दोन्हीकडे हात लावून बघितला आणि म्हणाल्या, हाताला तर दोन्ही सुकंच लागतंय. बरोबर आहे, हाताला कळतच नाही. तिथे मी त्यांना विचारलं की काकी, पावसात तुमच्या घरातलं कुठलं दार घासतं? लगेच म्हणाल्या, जुन्या घरात मागचं, न्हाणीजवळचं, चवथीला खांदा लावून ढकलावं लागतं आणि शिमग्याला आपोआप उघडतं. झालं, पुढचं सगळं त्या दारावर बोललो.

लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, पॉलिश मारलं तरी, फक्त जरा हळू. जुलैत आपल्याकडे हवेतला दमटपणा नव्वद टक्क्यांच्या आसपास जातो, अशा हवेत उघडं ठेवलेलं लाकूड १८-१९ टक्के ओलाव्यावर जाऊन थांबतं. तेच लाकूड एसी चालू असलेल्या खोलीत ठेवलं तर हळूहळू १० च्या आसपास येतं. लांबीत काही फरक पडत नाही, रुंदीत पडतो. सागवान या बाबतीत खूप सभ्य लाकूड आहे, बाकी बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतं, तरीसुद्धा आडव्या रेषेच्या फळीला, म्हणजे जिच्या टोकाला वाढीच्या रेषा आडव्या दिसतात तिला, ओलाव्याच्या दर एक टक्क्यामागे रुंदीत अंदाजे ०.२ टक्के फरक धरावा लागतो. ४२ इंच म्हणजे १०६७ मिलिमीटर. १८ वरून १० वर आलं तर १६-१७ मिलिमीटर. हा हिशोब मी काकींच्या समोर कोटेशनच्या मागच्या बाजूला केला आणि बोटाच्या पेराएवढी जागा दाखवली, की एवढं टेबल तुमच्या हॉलमध्ये आखडणार, आणि खालून स्क्रूने घट्ट बांधलेलं असलं तर त्याला आखडता येणार नाही म्हणून ते जोडावर उघडणार नाहीतर मधोमध तडकणार. चवथीला नाही तडकणार. चवथीला एकदम झकास दिसेल. ते जानेवारी-फेब्रुवारीत तडकेल, मुलगा बोटीवर असताना.

वडिलांनी मग जो मुद्दा काढला तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो गोव्यात प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक काढतं. ते म्हणाले, जुन्या घरात माझ्या आजोबांच्या वेळचं टेबल आहे, एवढी वर्षं झाली, एक चीर नाही, मग तेव्हा काय मीटर होतं? नव्हतं, पण तेव्हा लाकूड घरच्याच माळ्यावर दोन-तीन पावसाळे पडून असायचं, मग मेस्त घरी यायचा, पडवीत बसून महिना-दीड महिना काम करायचा, आणि ते टेबल त्याच हवेत बनून त्याच हवेत राहायचं, खिडक्या उघड्या, एसी नाही. लाकडाला कुठे प्रवासच नव्हता. आता आपण ओल्या शेडमधून उचलून थेट एसीत नेऊन ठेवतो आणि मग म्हणतो पूर्वीसारखं लाकूड राहिलं नाही. लाकूड तेच आहे हो, त्याला सुकायला वेळ देणारं कोण राहिलं नाही.

त्यांच्याकडे दुसरं कोटेशनही होतं, हायवेवरच्या एका दुकानाचं. आमच्यापेक्षा पस्तीस हजारांनी कमी, १० ऑगस्टला डिलिव्हरी, वर "बर्मा टीक" लिहिलेलं आणि बिल कच्चं. अशा वेळी दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायची नाहीत, हा माझा पक्का नियम आहे, गिऱ्हाईक तुमच्यावरच संशय घेतं. मी एवढंच सांगितलं की म्यानमारने गोल ओंडक्यांची निर्यात १ एप्रिल २०१४ पासून बंद केलेली आहे, तेव्हा कोण बर्मा म्हणत असेल तर लाकूड कुठून आलं त्याचा कागद मागा, चिरलेला माल येऊ शकतो, पण बाजारात आफ्रिकेचं आणि दक्षिण अमेरिकेचं सागवानही खूप येतं आणि तेही वाईट नसतं, फक्त नाव आणि भाव खऱ्याचा पाहिजे. दुसरं, त्यांच्याही फळीला पिना लावायला सांगा, पाहिजे तर आमचं मीटर घेऊन जा. आणि तिसरं, पक्कं बिल नसेल तर त्या पस्तीस हजारांतला मोठा भाग हा १८ टक्के जीएसटीचाच आहे, उद्या काही झालं तर हातात दाखवायला कागद नाही.

मीटर त्यांनी नेलं नाही. पण मीटर द्यायची तयारी दाखवली याचा परिणाम झाला असं मला आजही वाटतं.

आता आमच्यापुढे रस्ते काय होते. हो म्हणून ऍडव्हान्स घ्यायचा आणि १८ टक्क्यांच्या फळीचं टेबल करून द्यायचं, हे बरेच जण करतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. दुसरा रस्ता म्हणजे पाय आणि खालची चौकट सागवानी आणि टॉप प्लायचा, आयएस ७१० वालं मरीन प्लाय, वर सागवानी व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि कडेला सागवानी पट्टी. हा रस्ता मला मनापासून आवडतो, प्लाय हलत नाही, एसीच्या घराला चांगलं, ऑगस्टमध्ये बिनधास्त देता आलं असतं आणि स्वस्तही पडलं असतं. पण काकींनी प्लाय शब्द ऐकल्यावर चेहरा असा केला की मी दुसऱ्यांदा काढलाच नाही. लोकांना प्लाय म्हणजे फसवणूक वाटते, आणि हे आमच्याच धंद्यातल्या लोकांनी प्लायचं सागवान म्हणून विकून विकून करून ठेवलेलं आहे. तिसरा रस्ता, ऑर्डर तोडायची, खुर्च्या आणि चौरंग चवथीच्या आधी आणि टेबल डिसेंबरात. चौथा, ऑर्डर सोडून द्यायची.

मी तिसऱ्यावर ठाम होतो, पण तो गिऱ्हाइकाच्या आधी मालकांना विकावा लागला आणि ते जास्त कठीण गेलं. मालकांचंही चुकीचं नव्हतं. चवथीच्या आधी कामगारांना बोनस द्यायचा असतो, लाकडाचे पैसे अडकलेले असतात, आणि हा जुलै-ऑगस्टचा ऍडव्हान्स हाच वर्षाचा मोठा आधार. ते म्हणाले, तू टेबल डिसेंबरवर ढकललंस तर ऍडव्हान्स अर्धा येणार. मी त्यांच्यासमोर एक तडकलेला टॉप परत आला तर काय होतं ते मांडलं: टेम्पो जायचा-यायचा, दोन माणसं उचलायला, पॉलिश उतरवायचं, टॉप परत उघडून जोडायचा, परत पॉलिश, आणि एवढं करून त्या गावात पुढची पाच वर्षं कोण नाव काढत नाही ते वेगळं. शिवाय पॉलिशचाही प्रश्न होता. पावसात मेलामाइन पॉलिश मारलं की दमट हवेमुळे वर पांढरट धूर बसल्यासारखं होतं, पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिशला बारीक फोड येऊ शकतात, म्हणजे फळी सुकी असती तरी ऑगस्टच्या मधल्या आठवड्यात एवढा मोठा टॉप पॉलिश करणं हा जुगारच. मेस्तांनी इथे माझी बाजू घेतली. त्यांनी एकच वाक्य टाकलं, "ह्या फळीचं टेबल मी करीन, पण माझं नाव सांगू नका." मालक गप्प झाले.

गिऱ्हाइकाला मग पूर्ण प्रस्ताव दिला. चौरंग आणि आठ खुर्च्या १५ ऑगस्टच्या आत, दोन्ही सुक्या लाकडाच्या. टेबलासाठी फळ्या त्यांनी स्वतः येऊन निवडायच्या, त्यांच्यावर खडूने खूण करायची, त्या भट्टीला जाणार, आल्यावर काही आठवडे शेडमध्ये तशाच राहणार आणि डिलिव्हरी डिसेंबरात. टेबलाचा ऍडव्हान्स आत्ता फक्त लाकडापुरता. आणि चवथीसाठी आमच्या शोरूममधलं डिस्प्लेचं टेबल त्यांच्या घरी पाठवणार, पंधरा दिवस, भाडं नाही, टेम्पोचा खर्च आमचा. डिस्प्लेचं टेबल सहा जणांचंच होतं, पण गोतातली बाकीची मंडळी पंगतीला खालीच बसणार होती, म्हाताऱ्या माणसांपुरतं झालं म्हणजे झालं. हा डिस्प्ले टेबलचा विचार आला नसता तर ऑर्डर गेली असती यात मला शंका नाही. काकींना मुळात टेबल नको होतं, चवथीला वयस्कर माणसांना खाली बसायला लागू नये हे पाहिजे होतं, आणि हे त्यांच्या बोलण्यात दोनदा येऊन गेलं होतं, मोठ्या जावेचे गुडघे, मुंबईच्या काकांचं ऑपरेशन. ऐकत राहिलं की कळतं.

सगळं मात्र जमलं नाही. दिवाण हातचा गेला. मुलाला राग आला होता, त्याचं म्हणणं मी पैसे देतोय आणि मीच बघणार नाही, ते सरळ आहे, मी त्याच्या जागी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. दिवाण त्याने दुसरीकडून घेतला. सप्टेंबरात वडिलांचा फोन आला की २२ तारखेपासून जीएसटी कमी झालाय ना, मग आमचं टेबल स्वस्त होणार का. बांबू, वेत यांचं फर्निचर ५ टक्क्यांवर आलं, लाकडी फर्निचर १८ वरच राहिलं, हे समजावायला बराच वेळ गेला कारण व्हॉट्सऍपवर फर्निचर स्वस्त असं सरसकट फिरत होतं.

टेबल कसं केलं ते थोडक्यात. टॉप खालच्या चौकटीला स्क्रूने न आवळता लाकडी बटणं लावली, जी चौकटीच्या खाचेत सरकतात, म्हणजे टॉपला आत-बाहेर व्हायला जागा. दोन्ही टोकांना आडवी पट्टी आहे, ती फक्त मधोमध फेविकॉलने धरलेली, कडेच्या पिना लांबट भोकात. आणि पॉलिश वरून जेवढे हात तेवढेच खालून. खालची बाजू कोण बघतंय म्हणून बरेच जण तिथे एकच हात मारतात, मग एका बाजूने ओलावा पटकन आणि दुसऱ्या बाजूने हळू जातो आणि टॉप वाकतो.

डिलिव्हरी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. बिलाबरोबर एक हाताने लिहिलेलं पान दिलं, मराठीत, त्यात लिहिलं होतं की आज मीटर १२ दाखवतंय, फेब्रुवारीपर्यंत ते १० च्या आसपास जाईल, तेव्हा टेबल रुंदीत साधारण ४ मिलिमीटर आत येईल आणि टोकाची पट्टी दोन्ही बाजूंनी थोडी बाहेर आलेली दिसेल, पावसात ती परत आत जाईल, हे असंच व्हायचं आहे. एसीचा झोत थेट टॉपवर येऊ देऊ नका, खिडकीचं ऊन एकाच भागावर रोज पडत असेल तर पडदा लावा. आणि एका फेब्रुवारीची फेरी आमच्याकडून फुकट. डिलिव्हरीच्या दिवशीच काकींना पट्टीवर बोट फिरवायला लावलं, तेव्हा ती कडेला अगदी सपाट होती.

फेब्रुवारीत सुनेचा फोन आला की टोकाला काहीतरी बाहेर आलंय, बोटाला लागतंय. मी काय बोलायच्या आतच मागून काकींचा आवाज, ते कागदावर आहे, फ्रीजवर लावलंय बघ. गेलो, मोजलं, दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर, मीटर १० आणि ११ च्या मध्ये. जोड सगळे बंद, टॉप सपाट. काकींनी खुर्चीच्या एका पायाला खालून फेल्ट लावून घेतलं तेवढंच काम निघालं.

कारखान्यात यामुळे दोन गोष्टी बदलल्या. आमचं इन्सेंटिव्ह पूर्वी बुकिंगवर मिळायचं, महिन्याच्या शेवटी जेवढा ऍडव्हान्स आणला तेवढ्यावर. आता अर्धं बुकिंगवर आणि अर्धं पहिला उन्हाळा काढल्यावर, म्हणजे टेबल तडकलं तर माझाही अर्धा गेला. मी स्वतः मागून घेतलं ते, कारण बुकिंगवर पैसे मिळत असले की चांगला माणूससुद्धा जुलैत चवथीची तारीख देऊन मोकळा होतो. दुसरं म्हणजे १ जूनच्या पुढे एक इंचाहून जाड टॉपची तारीख सेल्सवाल्याने एकट्याने द्यायची नाही, मेस्त पिना लावणार आणि मग सांगणार. यामुळे काही गिऱ्हाइकं जातात. गेल्या चवथीला गेली, यंदाही जातील, शेजारच्या दुकानात तारीख तोंडावर मिळते.

मार्चमध्ये त्याच घरातून बेडची ऑर्डर आली, बोटीवरून मुलाने स्वतः फोन केला. सागवानच, डोक्याच्या बाजूला साधी चौकट आणि मध्ये सुट्या फळ्या, कोरीवकाम नको. यंदाची, २०२६ ची, चवथ १४ सप्टेंबरला आहे आणि तो ऑगस्टमध्ये येतोय. फळ्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भट्टीला जातील, पॉलिश २० मेच्या आत उरकायचं असं मेस्तांनी सांगितलंय, आणि बेड तयार झाल्यावर शेडमध्ये न ठेवता सरळ त्यांच्या घरी, त्याच खोलीत नेऊन जोडायचा.